चुकल्याचा एक गुण

आमच्या शाळेत गणिताचं उत्तर चुकलं की शून्य मिळायचं. रीत बरोबर असली तरी शून्य, आणि फळ्यावरून आकडा उतरवून घेताना चूक झाली असली तरीही शून्यच. त्यामुळे साठी उलटल्यावर, हजारो किलोमीटर दूर, बोचऱ्या थंडीत कानटोपी घालून बसलेलो असताना भाच्याची आठ वर्षांची मुलगी मला म्हणाली, "आजोबा, चुकलं ना, तरी एक मिळतो", तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की हे मला पन्नास वर्षं आधी कुणी का नाही सांगितलं.

आम्ही मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर होतो. जुलै महिना होता. या मैदानाचं नाव मी लहानपणापासून देवस्थानासारखं ऐकत आलो. 1981 साली पायचीत दिल्याचा राग येऊन गावसकर चेतन चौहानलाही बरोबर घेऊन चालू पडला ते इथेच, आणि 1985 साली त्यानं करंडक उचलला तोही इथेच. 2020 च्या डिसेंबरात रहाणेनं शांतपणे 112 धावा काढल्या त्याही याच हिरवळीवर. म्हणून भाच्याला म्हटलं, बाकी काही दाखवू नकोस, पण ते मैदान दाखव. गेलो तर खेळपट्टीच गायब! भाचा म्हणाला, "मामा, हिवाळ्यात ती उचलून बाहेर ठेवतात." म्हणजे आपण बाल्कनीतली कुंडी उचलून आत ठेवतो तसं. ज्या पट्टीवरून आपले लोक पंचांशी भांडले, ती इथले लोक सहा महिने अडगळीत टाकतात आणि त्या जागेवर फूटबॉल खेळतात. फूटबॉल म्हणजे आपला गोल चेंडूवाला नव्हे, रग्बीही नव्हे. त्यांचा स्वतःचा, ज्याला ते लाडानं 'फूटी' म्हणतात.

हा खेळ समजून घ्यायला मला पाऊण तास लागला आणि तो समजला असं अजूनही छातीठोकपणे सांगवत नाही. एका बाजूला अठरा माणसं. बिनबाह्यांचे बनियन, थंडी असो की पाऊस. चेंडू लांबट, त्यामुळे जमिनीवर आपटल्यावर कुठे उसळेल ते त्याला स्वतःलाच ठाऊक नसतं. तो फेकायचा नाही. एका तळहातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीनं ठोसायचा, नाहीतर लाथेनं उडवायचा. लाथेनं उडालेला चेंडू कुणी हवेतच नीट झेलला की त्याला 'मार्क' म्हणतात आणि झेलणाऱ्याला निवांत पुढची लाथ मारायला मिळते. झेलण्यासाठी समोरच्याच्या खांद्यावर गुडघा टेकवून वर चढलं तरी चालतं. मी म्हटलं, ही दहीहंडी आहे, फक्त खालच्या थराला कुणी विचारलेलं नाही.

आणि दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांमधून चेंडू लाथेनं गेला तर गोल, सहा गुण. मधला चुकून शेजारच्या फटीतून गेला तर 'बिहाइंड', एक गुण. मधल्या खांबालाच आपटला तरी एक. गोल झाला की खांबामागचा पंच दोन झेंडे हलवतो, बिहाइंडला एकच. पूर्वी हे पंच पांढरा कोट आणि पांढरी टोपी घालून उभे राहायचे म्हणे. जुन्या फोटोंत ते अगदी आपल्या कंपाउंडरसारखे दिसतात, आता दोन झेंडे खाली ठेवून मिक्श्चरची बाटली हलवतील असे. धावफलकही मजेदार. गोल, टिंब, बिहाइंड, कंसात बेरीज. 7.14 (56) म्हणजे सात वेळा जमलं, चौदा वेळा थोडक्यात हुकलं. कुठल्याही माणसाच्या आयुष्याचा हिशेब इतक्या प्रामाणिकपणे मांडलेला मी तरी पाहिला नव्हता.

या सगळ्याचं मूळ क्रिकेटमध्येच आहे. 1858 साली टॉम विल्स नावाच्या तिथल्या नामांकित क्रिकेटपटूनं वर्तमानपत्रात पत्र लिहिलं, की हिवाळ्यात आपले खेळाडू सुस्तावतात, त्यांच्यासाठी काहीतरी काढा. पुढच्या वर्षी नियम लिहिले गेले. वाचकांच्या पत्रव्यवहारातून काहीतरी निष्पन्न झाल्याचं माझ्या माहितीतलं हे एकमेव उदाहरण.

मध्यंतरात भाच्यानं बाहेरचे पुतळे दाखवले. एका पुतळ्याशी थांबून तो म्हणाला, "हा बरासी." मला ऐकू आलं 'बार्शी'. सोलापूरकडचा माणूस इथवर पोचला म्हणून मी कौतुकानं पाहायला लागलो. नाही, बार्शीशी संबंध नव्हता. घराणं स्विस-इटालियन, सोन्याच्या खाणींच्या दिवसांत व्हिक्टोरियात आलेल्यांपैकी. रोनाल्ड डेल बरासी, जन्म 1936. त्या रात्री आणि नंतरचे पंधरा दिवस मी याच माणसाच्या मागे होतो. भाच्यानं ठरवलेलं समुद्रदर्शनही मी मोटारीत बरासीबद्दल वाचत वाचत उरकलं.

त्याचा बापही फूटबॉल खेळायचा, मेलबर्न नावाच्या क्लबाकडून. इथे जरा गोंधळ आहे. मेलबर्न शहरात मेलबर्न नावाचा एक क्लब, आणि त्या काळी बाकीचे बहुतेक सगळे त्याच शहरातल्या पेठांचे: कार्लटन, कॉलिंगवूड, रिचमंड, नॉर्थ मेलबर्न. पेठ म्हटल्यावर पुढचं सांगायला नको. शेजारच्या पेठेबद्दल माणसाच्या मनात जितका कडवटपणा असतो तितका शत्रुराष्ट्राबद्दलही नसतो. बापानं 1940 चं विजेतेपद जिंकलं आणि तो युद्धावर गेला. 1941 च्या जुलैत लिबियातल्या टोब्रुकला मारला गेला. पोरगा पाच वर्षांचा.

पोरगा वाढला, खेळायला लागला, आणि नियमांत अडकला. त्या काळी तुम्ही राहता कुठे त्यावर तुमचा क्लब ठरायचा. रॉननं मात्र बापाच्याच क्लबात जायचं ठरवलेलं. क्लबालाही तो हवा होता. मग मेलबर्नवाल्यांनी संघटनेच्या मागे लागून नियम करवून घेतला, की ज्याच्या बापानं क्लबासाठी पुरेसे सामने खेळलेत त्या मुलाला पत्ता न बघता बापाच्या क्लबात येऊ द्यावं. तो नियम, सुधारून का होईना, अजून आहे. बापाची गादी मुलाला मिळण्यासाठी नियम वाकवणं आपल्याला नवीन नाही. पण इथे गादीवर बसवणारा बाप हयात नव्हता आणि गादी म्हणून मिळाली ती एका बनियनची जागा. पाठीवर आकडा 31. बापाचाच.

आई टास्मानियाला गेली तेव्हा रॉन मेलबर्नलाच राहिला, नॉर्म स्मिथ यांच्या परसातल्या खोलीत. स्मिथ म्हणजे बापाचे जुने सवंगडी आणि आता त्याच क्लबाचे प्रशिक्षक. आपल्याकडे गाणं शिकायला पोरं गुरूच्या घरी राहायची, पाणी भरायची, पहाटे उठून खर्ज लावायची. हे तसंच. फरक इतका की गवयाच्या शिष्याला रियाज संपल्यावर निदान गुरू दिवाणखान्यात तरी जाऊ देतात. इथे प्रशिक्षकच जेवणाच्या टेबलापलीकडे. शनिवारी सामना खराब खेळलास, तर रविवारी आमटी कुणाच्या हातची खाणार?

1953 मध्ये सतरा वर्षांचा रॉन पहिल्या संघात आला. उंच उडी मारणाऱ्यांच्या मानानं ठेंगणा, खाली सांडलेले चेंडू वेचणाऱ्या चपळ पोरांच्या मानानं थोराड. कुठल्याच साच्यात बसेना. स्मिथनी साचाच बदलला. उंचांच्या जोडीनं धावणारी आणि चेंडू वेचणारीही एक जागा त्याच्यामुळे रुळली, 'रक-रोव्हर'. आज अनेकांना ती जागा खेळाच्या नियमांइतकीच जुनी वाटते. मग मेलबर्ननं 1954 ते 1960 सलग सात अंतिम सामने खेळले आणि त्यातले पाच जिंकले. 1964 मध्ये बरासी कर्णधार असताना आणखी एक जिंकला, कॉलिंगवूडविरुद्ध, चार गुणांनी. खेळाडू म्हणून सहा विजेतेपदं.

आणि त्याच वर्षी तो घर सोडून गेला. कुठे, तर कार्लटनला, चालत जाता येईल एवढ्या अंतरावर. तिथे त्याला कर्णधार आणि प्रशिक्षक अशा दोन्ही खुर्च्या मिळत होत्या. घरी प्रशिक्षकाची खुर्ची एकच आणि तीवर साक्षात नॉर्म स्मिथ. मेलबर्नच्या चाहत्यांना काय वाटलं असेल याची कल्पना करायला मला अडचण आली नाही. ज्याच्यासाठी नियम करवून घेतला, परसात खोली दिली, बापाचा आकडा दिला, तो शेजारच्या पेठेत नांदायला गेला. पुढच्याच वर्षी क्लबानं स्मिथना हंगामाच्या मध्यावर काढून टाकलं आणि आठवड्याभरात परत घेतलं. पण काहीतरी निसटलं ते निसटलंच.

खेळाडूचा प्रशिक्षक होणं ही मोठी अवघड गोष्ट आहे. मी हे अनुभवानं सांगतो, कारण मुलगा गाडी मागे घेत असतो तेव्हा मी तिच्यामागे उभा राहतो. "येऊ दे, येऊ दे, येऊ दे… उजवीकडे घे, तुझ्या नाही, माझ्या… बास!" आणि आवाज येतो 'खड्'. आयुष्यभर ज्यानं स्वतः स्टिअरिंग फिरवलं त्याला हात मागे बांधून नुसतं 'येऊ दे' म्हणायला लावणं ही शिक्षा आहे. चूक चालवणाऱ्याची, ओरडा सांगणाऱ्याला. फूटीच्या प्रशिक्षकाकडे त्या काळी निदान एक सोय असायची. निरोप्या. खेळ चालू असताना हा निरोप्या मैदानात धावत जायचा, अमक्याला सांगायचा की साहेब म्हणतायत तू झोपलायस का, आणि परत यायचा. असा निरोप्या घराघरांत मिळाला असता तर किती संसारांत शांतता नांदली असती. बरासीला निरोप्या पुरत नसे. त्याचा आवाज गाजलेला होता. मध्यंतरातली त्याची भाषणं हा त्या शहराचा एक सांस्कृतिक ठेवा आहे, म्हणजे आपल्याकडे प्रचारसभा असतात तसा.

कार्लटननं 1947 नंतर काही जिंकलं नव्हतं आणि बरासी येण्याआधीच्या हंगामात बारा संघांत ते दहावे होते. 1968 मध्ये त्यानं त्यांना जिंकवलं, आणि ते कसं, ते ऐका. एसेंडन 8.5 (53), कार्लटन 7.14 (56). समोरच्यांचे गोल आठ, यांचे सात. अंतिम सामना कमी गोल करून जिंकणारा हा पहिलाच संघ. त्यांना जिंकवलं ते चौदा चुकलेल्या लाथांनी. प्रशिक्षक म्हणून बरासीचं पहिलं विजेतेपद चुकण्याच्या गुणांवर आलेलं आहे, आणि हे वाचल्यावर मी भाच्याच्या मुलीला हाक मारून तो आकडा दाखवला. ती म्हणाली, "मी सांगितलं होतं ना."

पण ज्याच्यासाठी त्याचं नाव घेतात तो सामना 1970 चा. कॉलिंगवूडविरुद्धच. प्रेक्षक 1,21,696. वानखेडे साधारण तेहतीस हजारांचं आहे, म्हणजे भरलेली जवळजवळ पावणेचार वानखेडे एकावर एक. मध्यंतराला कॉलिंगवूड 44 गुणांनी पुढे. दुसऱ्या चतुर्थांशात कार्लटनच्या जेसॉलेन्कोनं एकाच्या खांद्यावर चढून असा काही झेल घेतला होता की त्याचा फोटो आजही घराघरांत आहे, पण झेलानं गुण वाढत नाहीत. लोक निघायला लागले असतील. आपल्याकडे तर लग्नात मंगलाष्टकांआधीच निघतात. आत खोलीत बरासीनं सांगितलं ते त्या काळच्या शहाण्या माणसांना न पटणारं होतं: चेंडू मिळाला की थांबायचं नाही, लाथ मारत बसायचं नाही, मुठीनं ठोसून सवंगड्याला द्यायचा आणि धावत सुटायचं. तोवर मुठीचा ठोसा म्हणजे अडचणीत सापडल्यावर वापरायची युक्ती, अंधारात मेणबत्ती पेटवावी तशी. यानं मेणबत्तीची रोषणाई केली. शिवाय राखीव बाकावरून टेड हॉपकिन्स नावाच्या पोराला आत पाठवलं. त्यानं चार गोल केले. शेवटी कार्लटन 17.9 (111), कॉलिंगवूड 14.17 (101). या वेळी चुकण्याचे गुण दुसऱ्यांकडे जास्त होते आणि त्यांचा उपयोग झाला नाही. तेव्हा यावरून काही सिद्धांत काढू नये.

त्या हॉपकिन्सची गोष्ट मला बरासीइतकीच आवडली. तो जेमतेम 29 सामने खेळला, लवकरच फूटबॉल सोडून निघून गेला, कविता लिहिल्या, आणि पुढे या खेळातली प्रत्येक लाथ, ठोसा, झेल मोजून ठेवणारी आकडेवारीची कंपनी काढली. कवीनं हिशेबाची कंपनी काढावी आणि ती चालावी, हे मात्र महाराष्ट्रात होणं कठीण.

पुढे बरासी नॉर्थ मेलबर्नला गेला. या क्लबानं 1925 पासून मोठ्या स्पर्धेत खेळूनही एकही विजेतेपद पाहिलेलं नव्हतं. तो आला त्याआधीच्या हंगामात ते एकच सामना जिंकले होते. 1975 मध्ये त्यानं त्यांना पहिलं विजेतेपद दिलं. 1977 चा अंतिम सामना बरोबरीत सुटला, 76-76. नॉर्थचे गोल नऊ आणि चुका बावीस. बावीस! पुढच्या शनिवारी पुन्हा खेळले आणि जिंकले, त्यातही पंचवीस बिहाइंड. हा माणूस या गुणाचा जणू कुलस्वामी होता.

याच सुमारास त्याच्या नावानं स्मृतिव्याख्यान होत असे. मोनॅश विद्यापीठातले इतिहासाचे प्राध्यापक इयन टर्नर फूटबॉलवर 'रॉन बरासी स्मृतिव्याख्यान' द्यायचे. बरासी ठणठणीत, शनिवारी मैदानाकडेला ओरडतोय, आणि इकडे त्याच्या स्मृत्यर्थ व्याख्यान. मी आयुष्यात असंख्य व्याख्यानमाला ऐकल्यात, झोपलोही आहे, पण ज्याच्या नावाचं व्याख्यान तो पहिल्या रांगेत बसून ऐकू शकतो ही सोय कुणाला सुचलेली नव्हती. 1978 च्या व्याख्यानात टर्नरनी नकाशावर एक रेघ कल्पिली. वायव्येकडून आग्नेयेकडे तिरकी. तिच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला लोक फूटीवर जीव टाकतात, पूर्वेला रग्बीवर. तिचं नाव त्यांनी ठेवलं 'बरासी रेषा'. ही थट्टा आता समाजशास्त्राच्या लेखांत गंभीरपणे वापरतात. आपल्याकडे वडा-पावची आणि मिसळीची सीमारेषा कुणीतरी अशी आखायला हवी. पण स्वतःचं नाव देण्यासाठी माणसं रांग लावतील.

1981 मध्ये बरासी घरी परतला. सतरा वर्षांनी मेलबर्न क्लबात, या वेळी प्रशिक्षक म्हणून. गावसकर याच मैदानावरून रागानं बाहेर पडला ते त्याच वर्षाच्या सुरुवातीला, आणि हंगामाचे 22 सामने पाहिल्यावर मेलबर्नच्या चाहत्यांनाही तसंच वाटलं असणार. 22 पैकी एक जिंकले. शेवटचा नंबर. पाच वर्षं तो तिथे राहिला आणि एकदाही बाद फेरी गाठता आली नाही. बाहेर दोन पेठांत दिवाळी करून आलेल्या मुलाला घरी साधी पणतीही लावता येईना. मी या पाच वर्षांवर बराच वेळ अडकलो. बाकी कारकिर्दीचे आकडे कुणीही सांगतो. ही पाच वर्षं तिथले लोक पटकन ओलांडतात, जसं आपण पाहुण्यांना घर दाखवताना एका खोलीचं दार उघडत नाही.

त्या खोलीत एक गोष्ट मात्र ठेवलेली होती. बरासीच्या डोक्यातून निघालेल्या योजनेतून क्लबानं आयर्लंडमध्ये जाहिराती देऊन तिथली पोरं आणली, कारण त्यांचा देशी फूटबॉल याच्या जवळचा. डब्लिनहून जिम स्टाइन्स नावाचा मुलगा 1984 मध्ये आला, ज्यानं हा लांबट चेंडू कधी हातात घेतलेला नव्हता. 1991 मध्ये त्याला वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो पदक मिळालं. तोवर बरासी त्या खुर्चीवर नव्हता.

नंतर 1993 मध्ये त्याला सिडनीला बोलावलं. म्हणजे स्वतःच्याच रेषेच्या पलीकडे, रग्बीवाल्यांच्या गावात, सलग सामने हरत चाललेल्या संघाकडे. सत्तावन्न वर्षांच्या माणसानं हे काम का घ्यावं? पण घेतलं. 1995 ला सोडलं तेव्हा संघ उभा राहू लागला होता, आणि 1996 ला तो अंतिम सामन्यात पोचला, दुसऱ्या प्रशिक्षकाच्या हाताखाली. हाही बिहाइंडच. मधून हुकला, पण खांबांच्या आतच.

2008 ची वर्षअखेर. बरासी बहात्तर वर्षांचा. मेलबर्नमधल्या सेंट किल्डात कुणीतरी एका बाईवर हात टाकला म्हणून तो मदतीला धावला आणि स्वतःच मार खाऊन आला. त्या वयातला माणूस निरोप्या न पाठवता स्वतः गेला, यातच मला तो पुरता कळला.

मेलबर्न क्लबानं मात्र 1964 नंतर काही जिंकलं नाही. 1974 नाही, 1984 नाही, 2004 नाही. 2021 मध्ये, 57 वर्षांनी, ते जिंकले. कोविडमुळे अंतिम सामना आपल्या मैदानावर होऊ शकला नाही, पर्थला खेळवला. 21.14 (140) विरुद्ध 10.6 (66). बरासी तेव्हा पंच्याऐंशी वर्षांचा होता.

एखादा माणूस वारल्याची खोटी बातमी उठली की त्याचं आयुष्य वाढतं, असं आमची आजी सांगायची. ज्याच्या नावानं हयातीत स्मृतिव्याख्यान झालं, हयातीतच पुतळा उभा राहिला, त्याचं वाढलं नसतं तरच नवल. बरासी 2023 च्या 16 सप्टेंबरला गेला, सत्त्याऐंशीव्या वर्षी. त्याच्या स्मृत्यर्थ बोलणारे प्राध्यापक टर्नर गेले ते 1978 च्याच डिसेंबरात, रेघ ओढल्यानंतर काही महिन्यांत, वयाच्या छपन्नाव्या वर्षी. त्यांच्या नावानं आधीच एखादं व्याख्यान कुणी ठेवल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.